खोदकामाआधी घराचा नकाशा कसा तपासावा : नागपुरात घर बांधणाऱ्यांसाठी आणि दुरुस्त करणाऱ्यांसाठी

नागपुरात घराचे खोदकाम बहुधा दिवाळीनंतर सुरू होते. पावसाळ्यात काळ्या मातीतले पायाचे खड्डे काठावरून ढासळतात, त्यांत पाणी साचते आणि मुरुमाचा ट्रक प्लॉटपर्यंत पोहोचणे कठीण होते. त्यामुळे जुलै ते ऑक्टोबर हे चार महिने नकाशासाठी मोकळे मिळतात आणि ते पुरेपूर वापरावेत असा माझा आग्रह आहे. प्रत्यक्षात मात्र पहिल्या-दुसऱ्या प्लॅनमध्ये खोल्या मनासारख्या बसल्या, देवघर ईशान्येला आले आणि पार्किंगमध्ये गाडी मावली की घरचे लोक नकाशा पक्का झाला असे समजतात. प्लॅन म्हणजे जमिनीपासून साधारण चार फुटांवर घेतलेला घराचा आडवा काप असतो. जोते रस्त्यापेक्षा किती वर आहे, बीमखाली उंची किती उरते, मागच्या संडासाचे पाणी कोणत्या उताराने चेंबरपर्यंत जाणार आणि मे महिन्यात पश्चिमेची भिंत काय करणार, यांपैकी काहीही त्यात दिसत नाही. ते दिसते छेदचित्रात, म्हणजे घर उभे कापल्यासारखे दाखवणाऱ्या सेक्शनमध्ये, आणि पातळ्यांच्या आकड्यांत. म्हणून या लेखात प्लॅनपेक्षा छेदचित्रावर आणि पातळ्यांवर अधिक भर दिला आहे.

प्लॉटची कागदपत्रे आणि खरे मोजमाप

वास्तुविशारदाकडे जाण्यापूर्वी आखीव पत्रिका किंवा सातबारा, विक्रीपत्र आणि मंजूर अभिन्यासाचा (लेआउटचा) नकाशा एका फाइलमध्ये लावावा. प्लॉट गुंठेवारीतला, म्हणजे मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेला, असेल तर नियमितीकरणाचे पत्र, ज्याला नागपुरात सगळे ‘आरएल’ म्हणतात, तेही हवे. राज्याचा गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा २००१ सालचा आहे. परवानगी देणारे प्राधिकरण कोणते, हे त्याच वेळी लेखी स्पष्ट करून घ्यावे. नागपूर महानगरपालिका, नागपूर सुधार प्रन्यास आणि शहराबाहेरच्या पट्ट्यासाठी नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण अशी तीन नावे येथे कानावर येतात, आणि शेजारच्या अभिन्यासात जे लागू आहे ते आपल्याकडे लागू असेलच असे नाही. नियम पाहायचे ते डिसेंबर २०२० पासून राज्यात लागू झालेल्या एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत. सामासिक अंतरे (हद्दीपासून मोकळी सोडायची जागा), चटई क्षेत्र (एफएसआय), उंची आणि पार्किंग यांचे आकडे तिच्यातून आपल्या प्लॉटपुरते काढून घेऊन एका पानावर लिहावेत, आणि ते पान पुढच्या प्रत्येक बैठकीत समोर ठेवावे.

यानंतर टेप घेऊन प्लॉट स्वतः मोजावा. कागदावर ३० बाय ५० फूट लिहिलेला प्लॉट जागेवर क्वचितच अचूक काटकोनी असतो. चारही बाजू बरोबर भरल्या तरी आकार तिरका असू शकतो, म्हणून दोन्ही कर्ण मोजणे अत्यावश्यक आहे. काटकोनी प्लॉटचे कर्ण समान येतात. हद्दीविषयी शंका असेल तर भूमी अभिलेख विभागाची मोजणी करून मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत घ्यावी, आणि ती हातात येईपर्यंत नकाशाचे काम पुढे नेऊ नये. त्याच फेरीत विजेचा खांब, वरून जाणाऱ्या तारा, झाडे, शेजाऱ्याच्या खिडक्या आणि रस्त्यावरच्या चेंबरची जागा कागदावर मांडावी. ११ केव्हीची उघडी तार जवळून जात असेल तर इमारतीच्या कोणत्याही भागापासून ती आडव्या अंतराने किमान १.२ मीटर दूर असली पाहिजे, आणि ३३ केव्हीची असल्यास किमान २ मीटर. बाल्कनी आणि छज्जा हेही इमारतीचेच भाग आहेत हे विसरू नये, कारण भिंत नियमात बसते आणि पहिल्या मजल्याची बाल्कनी तारेकडे सरकते, अशी रेखाटने पुष्कळदा पाहायला मिळतात.

एक शेवटची नोंद पातळीची. हलणार नाही अशी एखादी जागा, उदाहरणार्थ शेजारच्या पक्क्या जोत्याचा कोपरा, संदर्भबिंदू म्हणून ठरवावी आणि तिच्या तुलनेत रस्त्याचा मध्य, प्लॉटचे चार कोपरे आणि चेंबरमधल्या पाइपचा तळ किती वर किंवा खाली आहे ते लेव्हल पाइपने मोजून लिहावे. एक मिस्त्री, एक मदतनीस आणि पाण्याने भरलेली पारदर्शक नळी एवढ्यावर हे काम होते, आणि पुढची निम्मी तपासणी या आकड्यांवर उभी राहते.

प्लॅन वाचताना

वास्तुविशारदाला गरजा तोंडी न सांगता लिहून द्याव्यात. घरात आज किती माणसे आहेत, दहा वर्षांनी किती असतील, आजी-आजोबांची खोली तळमजल्यावर हवी का, वरचा मजला पुढे भाड्याने देण्याचा विचार आहे का, एवढे लिहिले तरी जिना घरातून असावा की बाहेरून, हा सर्वांत मोठा प्रश्न सुटतो.

प्लॅन हाती आल्यावर पहिला प्रश्न विचारावा : खोलीचे माप भिंतीच्या आतून आतपर्यंत आहे की भिंतीच्या मध्यापासून मध्यापर्यंत? मध्यापासून मध्यापर्यंत १० फूट असेल आणि भिंती ९ इंची असतील, तर आत ९ फूट ३ इंच उरतात, आणि दोन्ही बाजूंचा अर्धा अर्धा इंच प्लास्टर वजा केल्यावर ९ फूट २ इंच. आता या चौकोनी खोलीत ६ बाय साडेसहा फुटांचा पलंग आणि २ फूट खोल कपाट मांडून पाहा. पलंगाच्या बाजूच्या भिंतीला कपाट लावले तर ६ आणि २ मिळून ८ फूट जातात, दोन्हींमध्ये जास्तीत जास्त १ फूट २ इंच उरतात, आणि तेवढ्यात कपाटाचे दार पूर्ण उघडत नाही. कपाट पायथ्याशी नेले तर अवघे ८ इंच उरतात. ज्या खोलीला नकाशावर ‘बेडरूम १० बाय १०’ म्हटले आहे, ती दोन माणसांच्या वापरासाठी अपुरी आहे हे अशा साध्या वजाबाकीतून कळते. म्हणून प्रत्येक खोलीत प्रत्यक्ष असणारे किंवा घ्यायचे ठरलेले फर्निचर त्याच प्रमाणात काढून घ्यावे, आणि दार कोणत्या बाजूला उघडते ते चापासह दाखवलेले असावे. दारामागे बटणांचा बोर्ड गेलेला असला तर तोही इथेच सापडतो.

कागद पाहून अंदाज येत नसेल तर चुन्याची फक्की घेऊन प्लॉटवर, किंवा सध्याच्या घराच्या गच्चीवर खडूने, स्वयंपाकघर आणि मुख्य बेडरूम पूर्ण मापात आखावी. ज्या व्यक्तीच्या हातात रोजचा स्वयंपाक आहे तिने ओटा, सिंक आणि फ्रिज यांच्या जागी उभे राहून पाहावे, आणि तिने सांगितलेला बदल घरातल्या इतर कोणाच्याही मतापेक्षा महत्त्वाचा मानावा. मला तरी ओट्याच्या बाबतीत दुसरे कोणतेही मत ग्राह्य वाटत नाही. ओट्याची उंची ३२ ते ३४ इंचांच्या दरम्यान तिच्या उंचीप्रमाणे ठरवून ती नकाशावर लिहून घ्यावी.

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहण्याची खोली किमान ९.५ चौरस मीटरची आणि किमान २.४ मीटर रुंदीची असावी. हा किमान आकडा आहे. तो गाठला म्हणजे खोली सोयीची झाली असे समजू नये.

ऊन, वारा आणि कूलरची जागा

नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित वर आहे आणि २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. या शहरात उन्हाची दिशा न पाहता मंजूर केलेला नकाशा पुढची तीस-चाळीस वर्षे विजेच्या बिलात मोजावा लागतो. दक्षिणेकडून येणारे ऊन आवरणे सोपे असते. डिसेंबरमध्ये भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवर असतो, त्यामुळे दोन फुटांचा छज्जा खिडकीवर वरून फक्त दोन फूट सावली टाकतो आणि हवेहवेसे ऊन खाली आत येते. एप्रिलमध्ये सूर्य जवळजवळ डोक्यावर असल्याने तोच छज्जा पूर्ण खिडकी झाकतो. पश्चिमेला हे गणित चालत नाही. दुपारनंतर सूर्य खाली उतरलेला असतो, किरणे छज्ज्याखालून सरळ आत येतात, आणि उन्हाळ्यात तर सूर्य पश्चिमेच्याही उत्तरेला मावळत असल्याने वायव्येची खिडकीसुद्धा तापते.

म्हणून पश्चिमेला जिना, न्हाणीघर, कोठी, कपाटांची भिंत अशा जागा आल्या तर त्या आतल्या खोल्यांना आडोसा देतात. येथे वास्तुशास्त्राशी एक अडचण उभी राहते, कारण घरच्या वडीलधाऱ्यांना मुख्य बेडरूम नैऋत्येला हवी असते आणि नागपुरात सर्वांत जास्त तापणारा कोपरा नेमका तोच आहे. यावर वाद घालण्यापेक्षा त्या खोलीचा बंदोबस्त करावा. पश्चिमेची खिडकी लहान व उंच ठेवून मुख्य खिडकी दक्षिणेला घ्यावी, पश्चिमेच्या भिंतीला ऊन अडवणाऱ्या उभ्या पट्ट्या किंवा जाळी द्यावी, शक्य असल्यास आत कपाटांची रांग लावावी, आणि वर गच्चीवर पांढऱ्या चायना मोझेकचे आच्छादन ठेवावे. हे चारही उपाय नकाशावर काढलेले दिसले पाहिजेत. ‘नंतर पाहू’ म्हटले तर खिडकीची जागा ठरून गेलेली असते.

कूलरचे तर स्वतंत्र रेखाटनच मागावे. एप्रिल ते जूनच्या कोरड्या हवेत डेझर्ट कूलर उत्तम चालतो, पण तो बाहेरची हवा आत ढकलतो, आणि तेवढीच हवा घराबाहेर जायला समोरच्या बाजूला उघडी वाट नसेल तर खोलीत थंडाव्याऐवजी दमट कोंदटपणा साचतो. हवा कूलरपासून कोणकोणत्या दारांतून जाऊन कोणत्या खिडकीने बाहेर पडणार, ती रेघ प्लॅनवर बाणांनी काढून घ्यावी. कूलर उत्तरेला किंवा सावलीत असावा, त्या खिडकीची ग्रिल उघडणारी असावी, जवळ नळ, पाणी सोडण्याची जागा आणि प्लग असावा. वरच्या मजल्यावर अनेक जण कूलर छज्ज्यावर ठेवतात. शंभर लिटर पाण्याचे वजनच १०० किलो होते, त्यात कूलरची भर पडते, आणि साधा छज्जा त्या वजनासाठी आखलेला नसतो. कूलर तिथेच ठेवायचा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला आधी सांगून तो भाग त्या भारासाठी आखून घ्यावा.

छेदचित्र आणि पातळ्या

किमान दोन छेदचित्रे मागावीत : एक जिन्यातून जाणारे आणि दुसरे संडास-न्हाणीघरातून जाणारे. प्राधिकरणाकडे सादर केलेल्या नकाशात छेदचित्र असते, पण ते १:१०० प्रमाणात आणि नियमांपुरते काढलेले असते. कामासाठी १:५० चे, सर्व उंचींचे आकडे लिहिलेले छेदचित्र वेगळे करून घ्यावे लागते.

सुरुवात जोत्यापासून करावी. शहरात अनेक ठिकाणी सिमेंटचे रस्ते झाल्यावर रस्त्याची पातळी वाढली आणि जुन्या घरांची अंगणे खाली गेली. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अतिवृष्टी होऊन अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा काही इंचांचा फरकही किती मोठा असतो हे शेकडो कुटुंबांनी पाहिले. त्यामुळे जोत्याची उंची प्लॉटच्या जमिनीपासून न मोजता रस्त्याच्या मध्यापासून मोजावी, आणि समोरचा रस्ता अजून डांबरी असेल तर तो पुढे वर येईल हे धरून उंची ठरवावी. पार्किंगचा उतार मात्र त्याच वेळी तपासावा, कारण जोते वाढले की गाडीचा रॅम्प लांबतो आणि फाटकासमोर जागा कमी पडते. प्लॉटवर पाणी कुठे साचते हे पाहायला नकाशाचेच महिने, म्हणजे पावसाळा, उपयोगी पडतात. मोठा पाऊस झाल्यावर तासाभरात जाऊन छायाचित्रे काढावीत आणि ती वास्तुविशारदाला दाखवावीत.

दुसरी तपासणी सांडपाण्याच्या उताराची. समजा मागच्या संडासापासून रस्त्यावरच्या चेंबरपर्यंत ६० फूट अंतर आहे. ११० मिलिमीटरच्या पाइपला १:६० उतार दिला तर एवढ्या अंतरात पाइप एक फूट खाली जातो. मागच्या बाजूला पहिल्या चेंबरमध्ये पाइपचा तळ जमिनीखाली दीड फुटावर असेल, तर रस्त्याकडे तो अडीच फुटांवर पोहोचतो. रस्त्यावरच्या चेंबरचा तळ जर दोनच फुटांवर असेल तर पाणी जाणार नाही, आणि तुंबणे पहिल्याच पावसात सुरू होईल. यावर तीनच मार्ग आहेत : जोते व अंगण उचलणे, संडास रस्त्याच्या बाजूला आणणे किंवा अंतर कमी करणारा दुसरा मार्ग काढणे, आणि तिन्ही कागदावर असतानाच करता येतात. गटारयोजना पोहोचली नाही अशा अभिन्यासात सेप्टिक टँक आणि शोषखड्डा करावा लागतो. काळ्या मातीत पाणी फार सावकाश मुरते, त्यामुळे शोषखड्डा मुरुमाच्या थरापर्यंत नेलेला आहे का हे रेखाटनात पाहावे, आणि तो आपल्या किंवा शेजाऱ्याच्या विहिरीपासून व बोअरवेलपासून किमान १८ मीटर दूर आहे याची टेपने खात्री करावी. लहान प्लॉटवर हे अंतर मिळवणे कठीण जाते. तेव्हा बोअरवेलची जागा आधी ठरवू नये.

तिसरी तपासणी जिन्याची, कारण नकाशातली सर्वाधिक फसगत येथे होते. दोन मजल्यांच्या फरश्यांमधले अंतर १० फूट असेल, म्हणजे १२० इंच, तर ६ इंचांच्या २० चढण्या (पायरीच्या उभ्या उंच्या) लागतात. मधे वळण घेऊन दहा-दहाचे दोन भाग केले तर प्रत्येक भागात ९ पायऱ्यांचे पाट (पाय ठेवण्याच्या आडव्या जागा) येतात, आणि १० इंची पाट धरल्यास ७ फूट ६ इंच लांबी लागते. वळणाचा चौथरा ३ फूट आणि सुरुवातीची मोकळी जागा ३ फूट मिळवल्यावर जिन्याच्या खोलीची आतली लांबी साडेतेरा फूट होते, आणि ३ फूट रुंदीच्या दोन भागांसाठी रुंदी सव्वासहा फूट तरी हवी. नकाशावर जिन्याला १० बाय ६ फुटांची चौकट दिलेली असेल तर मिस्त्री त्यात जिना बसवेलच, पण चढण्या ८ इंचांच्या करून किंवा चौथऱ्यावर तिरप्या पायऱ्या पाडून, आणि त्या वृद्धांसाठी रोजचा धोका ठरतात. संहितेत घरासाठी चढणीची कमाल मर्यादा १९० मिलिमीटर आणि पाटाची किमान २५० मिलिमीटर आहे. चौथऱ्याखालून वाट किंवा संडास काढला असेल तर तिथे उंची किती मिळते, तो आकडा छेदचित्रावर लिहायला लावावा.

शेवटी छताची उंची. ‘दहा फूट’ म्हणजे फरशीपासून फरशीपर्यंत की स्लॅबच्या वरपासून वरपर्यंत, हे स्पष्ट लिहिलेले हवे. फरशीपासून फरशीपर्यंत १० फूट असतील तर वरच्या फरशीचा थर ३ इंच आणि स्लॅब ५ इंच वजा केल्यावर आत ९ फूट ४ इंच उरतात, आणि स्लॅबसह १८ इंच खोल बीम जिथे आडवा जातो तिथे ८ फूट ३ इंच. पंखा, माळा आणि फॉल्स सीलिंग यांचा विचार या आकड्यांवर करावा. वरच्या न्हाणीघराचा सन्क स्लॅब, म्हणजे पाइपांसाठी खाली घेतलेला स्लॅब, १० ते १२ इंच खाली येतो; तो खालच्या बैठकीच्या मधोमध आला आहे की खालच्याच न्हाणीघरावर, हे दोन्ही मजल्यांचे प्लॅन एकमेकांवर ठेवून उजेडात धरले की लगेच दिसते.

जमीन, पाया आणि कॉलम

काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात; तिच्यावर उथळ टेकवलेल्या भिंतीला तिरप्या भेगा जाण्याचे कारण हेच असते. म्हणून स्ट्रक्चरल रेखाटने सुरू होण्यापूर्वी प्लॉटवर दोन जागी चाचणी खड्डे घेऊन काळी माती किती खोल आहे, मुरूम कुठे लागतो आणि कठीण थर कुठे, ते इंजिनिअरला प्रत्यक्ष दाखवावे. शेजाऱ्याने पाच फुटांवर पाया घेतला म्हणून आपणही घ्यावा, हा हिशेब नागपुरात विशेष धोक्याचा आहे, कारण शहराच्या पश्चिमेला दख्खनचा काळा पाषाण आणि पूर्वेला त्याहून कितीतरी जुने नाइस खडक आहेत, आणि मातीच्या थराची जाडी एकाच अभिन्यासातही बदलते. काळी माती फार खोल असेल तर इंजिनिअर अंडर रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगीर असलेले काँक्रीटचे खोल खांब, सुचवील. खर्च वाढतो म्हणून तो सल्ला डावलू नये. पायाचे खड्डे आणि जोत्याची भर मुरुमाने करावी, निघालेल्या काळ्या मातीने करू नये, आणि घराभोवती पाणी बाहेर ढकलणारी उताराची पट्टी असावी, या दोन सूचना रेखाटनावर शब्दांत लिहिलेल्या हव्यात.

स्ट्रक्चरल रेखाटन सामान्य माणसाने तपासायचे नसते असा समज आहे. गणित त्याने तपासू नये हे खरे, पण दोन रेखाटनांतली विसंगती कोणीही शोधू शकतो. प्रत्येक कॉलमचा क्रमांक वास्तुविशारदाच्या प्लॅनवर आणि इंजिनिअरच्या प्लॅनवर एकच आहे का? ९ बाय १५ इंचांचा कॉलम लांब बाजूने भिंतीत आहे की खोलीत बाहेर येतो? तो पार्किंगमध्ये गाडीचे दार उघडण्याच्या जागी तर नाही ना? वरच्या मजल्यावरचा कॉलम खालच्या कॉलमवरच उभा आहे का? बीमची खोली खिडकीच्या माथ्याला छेदते का? हे प्रश्न लेखी विचारावेत. काँक्रीटची प्रत, सळईची प्रत आणि कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) हेही आकड्यांत लिहिलेले असावे. काँक्रीटचे भारतीय मानक आयएस ४५६ नुसार सर्वसाधारण परिस्थितीत कव्हर स्लॅबला २० मिलिमीटर, बीमला २५, कॉलमला ४० आणि फुटिंगला (कॉलमखालच्या पायाला) ५० धरतात.

इंजिनिअरला भार मात्र आपणच सांगायचे असतात. गच्चीवर हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन पाणी, ब्रिकबॅट कोब्याचा (विटांच्या तुकड्यांचा) जाड थर म्हणजे चौरस मीटरला साधारण २०० किलो, पुढे आणखी मजला चढवायचा विचार, झाडांच्या कुंड्या, सौर पॅनल, हे सगळे यादी करून द्यावे. सौर पॅनल दक्षिणेकडे तोंड करून बसतात आणि ३ किलोवॅटला साधारण ३०० चौरस फूट सावलीमुक्त गच्ची लागते, म्हणून जिन्याची खोली आणि टाकी उत्तरेच्या बाजूला घ्यावी. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. आज लावायचे नसले तरी गच्चीची मांडणी आणि खाली मीटरपर्यंत येणारी रिकामी नळी नकाशात असू द्यावी.

वीज आणि नळ

ही रेखाटने स्लॅब टाकण्याच्या आधी तयार हवीत, कारण छतातल्या विजेच्या नळ्या काँक्रीटपूर्वी बांधाव्या लागतात आणि बीममधून पाइप न्यायचा असेल तर तिथे आधीच स्लीव्ह (पाइप जाण्यासाठी रिकामी नळी) ठेवावी लागते. तयार बीम छिन्नीने फोडून पाइप काढणे हे घराचे सरळ नुकसान आहे आणि ते कोणत्याही परिस्थितीत होऊ देऊ नये. फर्निचरच्या प्लॅनवरच प्लग, बटणे, एसी, कूलर, गिझर, इन्व्हर्टर आणि गाडी चार्ज करण्याची जागा दाखवून घ्यावी. प्रत्येक पाइपला दुरुस्तीसाठी हात पोहोचेल असा डक्ट आहे का, एवढे नळांच्या बाबतीत नक्की पाहावे.

जुन्या घराचे नूतनीकरण असेल तर

महाल, इतवारीतली विटांच्या जाड भिंतींवर उभी असलेली कवेलूची किंवा लाकडी पाटणाची घरे आणि धरमपेठ, रामदासपेठेतले चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे बंगले, या दोन्हींत पहिले काम आहे त्या घराचे मोजून काढलेले रेखाटन. पूर्वीचा मंजूर नकाशा मिळाला तरी त्यावर विसंबू नये, कारण मधल्या काळात खोल्या जोडल्या गेलेल्या असतात. प्रत्येक भिंतीची जाडी लिहावी, तिच्या बरोबर वर काय आहे ते लिहावे, आणि स्लॅबचे गज, लाकडी तुळया किंवा गर्डर कोणत्या भिंतींवर टेकले आहेत ते दाखवावे. ज्या घरात कॉलम नाहीत तिथे बैठक मोठी करण्यासाठी मधली भिंत काढणे म्हणजे छताचा आधार काढणे. ती काढायचीच असेल तर तिच्या जागी कोणता बीम, तो कशावर टेकणार आणि काम चालू असताना छत कशाने तोलायचे, या तिन्हींचे रेखाटन इंजिनिअरच्या सहीने हवे. दाट वस्तीत दोन घरांची भिंत सामायिक असते आणि शेजाऱ्याच्या तुळया तिच्यात शिरलेल्या असतात. तिला हात लावण्याआधी शेजारच्या बाजूनेही पाहणी करावी आणि त्यांची लेखी संमती घ्यावी.

वर मजला चढवायचा असेल तर ‘पाया दोन मजल्यांचा आहे’ या सांगण्यावर जाऊ नये. मूळ स्ट्रक्चरल रेखाटन नसेल तर एका कॉलमशेजारी खोदून फुटिंगचे माप घ्यावे आणि काँक्रीटची व सळयांची चाचणी करून घ्यावी. फरशी, प्लास्टर, रंग यांसाठी परवानगी लागत नाही, परंतु नवा मजला, बंद केलेली बाल्कनी किंवा भारवाही भिंतीतला बदल यांसाठी ती घ्यावी लागते.

सुधारित प्रती, दर आणि आखणी

तपासणीतले प्रत्येक निरीक्षण छापील प्रतीवर लाल शाईने, क्रमांक आणि तारीख घालून लिहावे, आणि वास्तुविशारद, स्ट्रक्चरल इंजिनिअर व ठेकेदार या तिघांना एकदा तरी एकाच टेबलाभोवती बसवावे. नवी प्रत आली की तिच्या कोपऱ्यातल्या चौकटीत सुधारणेचा क्रमांक वाढलेला असावा, आणि जागेवरची जुनी प्रत परत घेऊन फाडून टाकावी. दोन वेगळ्या प्रती दोन मिस्त्र्यांच्या हातात असल्या की एका भिंतीचे दोन अर्थ निघतात. मोबाइलवर आलेल्या नकाशाच्या फोटोवरून काम करू देऊ नये. त्यात प्रमाण राहत नाही आणि लहान आकडे पुसट होतात. कागदावर पट्टी ठेवून माप काढण्याचीही मनाई करावी, लिहिलेला आकडाच खरा मानावा, आणि आकडा नसेल तर विचारावे.

प्राधिकरणाने मंजूर केलेला नकाशा आणि कामाची रेखाटने यांत सामासिक अंतरे, बाहेरची मापे आणि उंची तंतोतंत जुळली पाहिजेत. जोते तपासणीच्या वेळी किंवा भोगवटा प्रमाणपत्र मागताना हा फरक उघड होतो, आणि तोवर तो काँक्रीटमध्ये गेलेला असतो.

ठेकेदाराशी दर चौरस फुटाने ठरत असेल तर तो कोणत्या क्षेत्रावर, आणि छज्जे, जिना, पोर्च, गच्चीचा कठडा, पाण्याची टाकी, कुंपणभिंत त्यात आहेत की नाहीत, हे अंतिम रेखाटनाच्या क्रमांकासह करारात लिहावे. रेखाटन अपुरे असताना ठरलेला दर पुढे प्रत्येक ‘एक्स्ट्रा’ कामावर वाद निर्माण करतो.

आखणीच्या दिवशी मालकाने जागेवर असावे. सेंटरलाइन रेखाटनावरून, म्हणजे भिंती-कॉलमच्या मध्यरेषांच्या नकाशावरून, दोऱ्या बांधल्या की ३-४-५ च्या प्रमाणात, शक्यतो १२, १६ आणि २० फूट घेऊन, प्रत्येक कोपऱ्याचा काटकोन तपासावा, मग पूर्ण घराचे दोन्ही कर्ण मोजावेत आणि प्रत्येक बाजूचे सामासिक अंतर हद्दीच्या खुणेपासून टेपने पाहावे. ठरवलेल्या संदर्भबिंदूपासून जोत्याची पातळी एका खुंटावर रंगाने नोंदवून घ्यावी. पुढे प्रत्येक स्लॅबच्या आदल्या दिवशी सळया आणि विजेच्या नळ्यांची, तसेच प्लास्टरआधी भिंतीतल्या पाइपांची छायाचित्रे टेप धरून काढावीत, काम चालू असताना झालेले बदल अंतिम प्रतीवर उतरवून घ्यावेत, आणि हा संच आखीव पत्रिकेच्या फाइलमध्येच ठेवावा.